मागे कुणी नाही

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा आणि दुसरं काहीतरी वाचा. या पेजवर विहिरीतल्या बायका आणि उलट्या पायांची माणसं भरपूर आहेत, तुमचं मन रमेल.

माझ्या गोष्टीत अमावस्या नाही. मध्यरात्र नाही. कुत्रं रडत नाही.

मागच्या हिवाळ्यातली दुपार होती. बाहेर स्वच्छ ऊन होतं. आणि जागा म्हणजे आमच्या राजधानीतला जुना भुयारी हौद.

मी गाईड आहे. बाहेरून आलेल्या लोकांना राजधानी दाखवते. याच कामात केस पिकले आणि याच कामात माणसांवरचा विश्वास उडाला.

राजधानीचा इतिहास माझ्याकडून ऐका, पटकन संपतो. एका राजाला जुन्या राजवाड्यात सारखी सर्दी व्हायची, म्हणून त्याने सगळा कारभार इथे हलवला. बाकीचं सगळं नंतर पाट्यांवर लिहिलं गेलं. चौकात त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. तो घोड्याला घाबरायचा. संसदेसमोर घड्याळाचा मनोरा आहे, त्याच्या चारही बाजूंना चार वेगळ्या वेळा दिसतात. संग्रहालयात राजाचं न्हाणीघर जसंच्या तसं ठेवलंय, आणि देशभरातून आलेली शिकलीसवरलेली माणसं त्या टबापुढे उभं राहून फोटो काढतात.

मी हसतमुखाने काढून देते. पगार त्याचाच मिळतो.

पण सगळ्यात जास्त गर्दी असते ती हौदाला.

हा हौद संसदेच्या चौकाखाली आहे. दगडी खांब, वर कमानी, खाली उतरायला एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाशी एकच लोखंडी दार. पाणी कधीचंच आटलं. शहराला वेढा पडला होता तेव्हा आसपासच्या गल्ल्यांतली माणसं या कोरड्या हौदात आणून ठेवली आणि वरून दार लावून घेतलं. त्यांच्या सुरक्षेसाठी, असं म्हणतात.

आत उतरल्यावर समोरच पितळी पाटी आहे.

‘वेढा उठल्यावर सर्व नागरिक सुखरूप बाहेर आले.’

किती माणसं आत गेली होती, ते पाटीवर नाही. मी एकदा आमच्या मोठ्या साहेबांना विचारलं होतं. पर्यटन खात्यात ते खूप वरच्या खुर्चीत बसतात. ते म्हणाले, “मॅडम, लोक सुट्टीवर आलेले असतात. त्यांना शेवट गोड लागतो.”

मी गोड शेवट सांगत राहिले.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

गाईड पुढे चालतो. त्याच्या कॉलरला माईक असतो आणि प्रत्येक पाहुण्याच्या कानात इअरफोन. रांगेच्या शेवटी आमचाच एक माणूस चालतो, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. त्याच्याकडेही माईक असतो. माणसं मोजण्यात अर्थ नसतो, वाटेत कुणी गळतं, कुणी घुसतं. म्हणून सगळे बाहेर आले की शेपटाने शेवटी दाराबाहेर पाऊल टाकायचं आणि माईकवर म्हणायचं, “मागे कुणी नाही.” ते ऐकलं की दारावरचा माणूस आतले दिवे घालवतो आणि दार लावतो.

हे वाक्य शेपटाशिवाय दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. अगदी गाईडनेसुद्धा नाही.

आणखी एक. हौदातले दिवे भरवशाचे नाहीत. ते गेले तर घाबरायचं नाही. प्रत्येकाने पुढच्याचा हात धरायचा, आपला दुसरा हात मागच्याला द्यायचा आणि साखळी करून जिना चढायचा. फक्त शेपटाचा मागचा हात रिकामा राहतो.

त्या दिवशी शेपूट होती माझी भाची.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही एवढीशी होती, माझ्या पदरात आली ती कायमची. मला दुसरं कुणी नाही. खाणं चिमणीएवढं, म्हणून घरात मी तिला चिमणीच म्हणते. स्वभावाने भाबडी. वाटेत म्हातारं माणूस दिसलं की हिने त्याची पिशवी उचललीच. मी तिला म्हणायचे, तू गाईड होऊ नकोस, हमाल हो. पण तिला गाईडच व्हायचं होतं. ती उमेदवारी करत होती आणि अजून बिल्ला मिळायचा होता.

दारावर नेहमीचा माणूस होता. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण तो दुसऱ्या कशाकडे बघतच नाही.

आणि ग्रुपमध्ये एक टोपीवाले काका होते. प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. ते प्रवासाला निघण्याआधी एक पातळसं पुस्तक वाचतात आणि मग गाईडला दुरुस्त करत फिरतात. पुतळ्याच्या घोड्याचा कुठला पाय वर आहे आणि त्याचा अर्थ काय, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं होतं.

आम्ही खाली उतरलो.

हौदाची खरी मजा म्हणजे तिथला प्रतिध्वनी. ‘ओ’ म्हटलं की चारी बाजूंनी ‘ओ’ येतो, पुन्हा येतो, लांब जाऊन विरतो. लोकांना फार आवडतं. मी संसदेवर बोलताना जांभया देणारी माणसं इथे ओरडायला एकमेकांना ढकलतात.

टोपीवाल्या काकांनी तोंडाशी हात नेऊन मोठ्याने हाक मारली.

आम्ही थांबलो...

काहीच आलं नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली. आवाज तोंडातून निघाला आणि तिथेच पडला. सामान नसलेल्या खोलीत आवाज घुमतो आणि माणसांनी भरलेल्या खोलीत घुमत नाही, तसं. पण हौद रिकामा होता. आमचा ग्रुप एका कोपऱ्यात मावत होता.

“हवा दमट आहे,” मी ठोकून दिलं.

“बरोबर, दमट हवेत ध्वनी जड होतो,” काकांनी बायकोला सांगितलं. अशी माणसं मला फार उपयोगी पडतात.

मी पाटीपाशी गेले. वेढ्याची गोष्ट पाठ आहे, ती बोलताना मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करू शकते. शेवटचं वाक्य म्हटलं, “आणि वेढा उठल्यावर सर्व नागरिक सुखरूप बाहेर आले.”

माझ्या कानातल्या इअरफोनमध्ये...

श्वास ऐकू आला.

एकाचा नाही. दाटीवाटीने बसलेल्या माणसांचा असतो तसा. कुणीतरी हलकं खोकलं. कुणीतरी मूल गप्प करावं तसं ‘शूऽऽ’ केलं.

माईक दोनच होते. एक माझा, एक चिमणीचा. मला राग आला. हिने माईक उघडा ठेवून पाहुण्यांच्या गर्दीत उभं राहावं, तेही बिल्ला मिळायचा असताना.

“चिमणे, माईक बंद कर,” मी म्हटलं.

ती शेवटच्या खांबापाशी उभी होती. तिच्या आसपास कुणी नव्हतं. तिने कॉलरचा माईक बोटांनी धरून मला दाखवला.

त्यावरचा दिवा विझलेला होता. तो बंदच होता.

मी फार विचार केला नाही. यंत्रं खात्याने घेतलेली होती, म्हणजे सगळ्यात भिकार कंपनीची असणार हे ठरलेलंच. मी म्हटलं, “चला, वर जाऊया.”

जिना अर्धा चढलो आणि दिवे गेले.

कुणी घाबरलं नाही. उलट लोक खूश झाले, त्यांना वाटलं हे तिकिटातच आहे. मी साखळी करायला सांगितली. हातात हात गुंफून सगळे वर येऊ लागले. मी आधी बाहेर पडले आणि उन्हात उभी राहून एकेकाला बाजूला घेऊ लागले. मागोमाग माणसं येत होती, डोळे चोळत होती, आपापले फोन काढत होती. टोपीवाले काका रांगेत शेवटी शेवटी होते. तेही आले.

तेव्हा इअरफोनमध्ये आवाज आला...

“मागे कुणी नाही. दार लावून घ्या.”

पुरुषाचा आवाज. वयस्कर, अदबशीर, जरा थकलेला. वरिष्ठांपुढे उभं राहून बोलावं तसा.

घड्याळने दिव्यांचं बटण खाली ओढलं आणि दार लोटून दिलं.

माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. मी गर्दीत चिमणीचा पिवळा स्वेटर शोधला. तो कुठेच नव्हता.

“दार उघड,” मी म्हटलं.

“अहो ताई, शेपटानं सांगितलं की,” घड्याळ म्हणाला. “मी कानानं ऐकलं.”

“शेपूट माझी भाची आहे. तिचा आवाज बाप्याचा आहे का?”

तो किल्ली शोधू लागला. एका खिशात नाही, दुसऱ्या खिशात नाही. एवढी वर्षं मी या माणसाला नुसतं हसत आले. त्या वेळी मात्र त्याचा गळा धरावा असं वाटत होतं.

मी दारावर मुठी आपटल्या. मग कानात चिमणी बोलली.

मला नाही. ती दुसऱ्याच कुणाशी बोलत होती.

“सावकाश या... घाई नको. इथे पायरी तुटलीय, जपून.”

मग पुन्हा तिचाच आवाज.

“आजी, माझा हात घट्ट धरा. तुमचा दुसरा हात मागच्यांना द्या. हो, सगळ्यांना घेऊन जाऊया. माझी मावशी आहे वर. ती दार उघडेल.”

टोपीवाले काका माझ्याजवळ उभे होते. त्यांच्याही कानात इअरफोन होता. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तो काढला, माझ्या हातात ठेवला आणि बायकोला घेऊन चालू लागले. पुढे त्यांनी साहेबांना सांगितलं, मला काही ऐकू आलं नाही, मी कानाने जरा अधू आहे. घोड्याच्या पायावर बोलताना बरे अधू नव्हते.

अखेर किल्ली सापडली. दार उघडलं.

चिमणी सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती. ऊन तिच्या तोंडावर पडलं. ती घाबरलेली नव्हती, हेच मला सहन झालं नाही. तिचा उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. आणि डावा हात...

मागे, अंधारात, खाली गेलेला होता.

“मावशी, दार धर,” ती म्हणाली. “मागे अजून आहेत.”

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. दोन पायऱ्या दिसत होत्या. त्यांच्यावर कुणी नव्हतं. त्याखाली काळोख. तिच्या हाताचा पंजासुद्धा काळोखातच होता.

पण तिची बाही ताणलेली होती. कुणी म्हातारं माणूस आपला सगळा भार टाकून जिना चढतं तेव्हा आपला हात जसा खाली ओढला जातो, तसा तिचा खांदा कलला होता.

“मागे कुणी नाही,” मी म्हटलं. “ये बाहेर.”

“आहेत. रांग आहे, मावशी. जरा थांब ना, त्यांना सवय नाही चालायची.”

मी तिला कमरेला धरून ओढलं.

पलीकडूनही ओढ होती. मी खोटं सांगत नाही. जोराची नव्हती, नुसती चिवट. बुडणारं माणूस ओढतं तशी नाही, लहान मूल गर्दीत बोट धरून ठेवतं तशी. मी पाय रोवले आणि पुन्हा ओढलं. मग एकदम ती ओढ संपली आणि आम्ही दोघी बाहेर फरशीवर पडलो.

“लाव दार,” मी ओरडले.

घड्याळने लावलं. त्याला काही दोनदा सांगावं लागलं नाही.

तुम्ही आता वाट बघत असाल की आतून कुणी दार बडवलं असेल. किंचाळी आली असेल. आली असती तर बरं झालं असतं. आतून काही म्हणजे काहीच आवाज आला नाही. त्यांना दार लागण्याची सवय असावी.

हातावर वळ उठले होते का, असंही तुम्ही विचाराल. नव्हते. मी तिचे दोन्ही हात हातात घेऊन पाहिले. उजवा हात हिवाळ्यात असतो तसा गारठलेला होता.

डावा हात उबदार होता.

घरी पोचल्यावर चिमणीने स्वेटर काढला, खुर्चीवर बसली आणि मला विचारलं, “तू का ओढलंस?”

“मग काय करायला हवं होतं?”

“त्या आजींनी हात सोडला,” ती म्हणाली. “तुला वाटतं तू मला सोडवलंस. तू ओढत होतीस आणि मला लागत होतं, ते त्यांना कळलं. म्हणून त्यांनीच सोडला.”

मी तिला जेवायला वाढलं. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. सगळं ऐकलं. ऐकलं म्हणजे मी बोलत असताना ते खिडकीतून पुतळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “मॅडम, दिवे गेले होते, मुलगी जरा गोंधळली. कुणी विचारलं तर सगळे पर्यटक सुखरूप बाहेर आले, एवढंच सांगायचं.”

मी खुर्चीतून उठता उठता थांबले. पाटीवरचं वाक्य कसं तयार होतं, ते मी समोर पाहत होते. त्यासाठी कुणी राक्षस लागत नाही. खुर्चीतला एक कंटाळलेला माणूस पुरतो.

साहेबांचा मोठेपणा इथेच संपला नाही. कुठून तरी कुजबुज पसरली आणि हौदाला दुप्पट गर्दी होऊ लागली. साहेबांनी लगेच ‘थरार फेरी’ सुरू केली. गाईडने काळा झगा घालायचा, हातात कंदील घ्यायचा. मी झगा घालायला नकार दिला. आता ते काम एक नाटकात न चाललेला नट करतो आणि राजाच्या सर्दीने मेलेल्या राणीचं भूत दाखवतो. लोक किंचाळतात आणि समाधानाने घरी जातात.

मी माझी जुनी फेरी चालवते. पाटीपाशी आले की शेवटचं वाक्य वाचत नाही. पाणी पिते.

चिमणीला बिल्ला मिळाला. आता ती पुढे चालू शकते, स्वतःचा ग्रुप घेऊ शकते. ती घेत नाही. तिला शेपूटच व्हायचं असतं आणि फक्त हौदाच्या फेरीला. मी रागावले, अबोला धरला, रडलेसुद्धा. ती ऐकत नाही. म्हणून मी तिच्या प्रत्येक फेरीला पुढे असते. ती आत असताना दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी दार सोडणार नाही.

दिवे आता नवे आहेत, जात नाहीत. तरीही ती वर येताना डावा हात मागे धरून येते.

सगळे पाहुणे बाहेर पडतात. ती वरच्या पायरीवर थांबते. घड्याळ मनगटाकडे बघून चुळबुळतो. शेपटाने आता म्हणायचं असतं, मागे कुणी नाही.

ती म्हणत नाही.

एकदाही म्हणाली नाही. ती नुसती उभी राहते, हात मागे करून, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त वेळ. मी काही बोलले नाही तर ती तिथून हलायची नाही, हे मला माहीत आहे. एक दिवस तो हात पुन्हा भरेल, हेही माहीत आहे. त्या वेळी तिकडचं माणूस सोडेलच असं नाही.

म्हणून नियम मोडून ते वाक्य मीच म्हणते. माईक तोंडाजवळ धरून, पाहुण्यांसमोर, शांतपणे.

“मागे कुणी नाही. दार लावून घ्या.”

चिमणी माझ्याकडे बघते. हात खाली घेते. बाहेर येते. दार लागतं आणि आम्ही घरी जातो.

त्या म्हाताऱ्याचा अदबशीर आवाज मला त्या दिवसानंतर पुन्हा कधीच ऐकू आला नाही. आधी मला बरं वाटायचं. वाटायचं, गेला असेल.

पण परवा वाक्य म्हणून झालं आणि माईक बंद करायच्या आधी कानात...

कुणीतरी सुस्कारा सोडला.

फार दिवसांचं काम दुसऱ्यावर सोपवून माणूस खाली बसतो, तसा. ते वाक्य म्हणताना त्यालाही कदाचित कुणा एकाला घरी न्यायचं असेल. मी त्याला विचारणार कसं?

उद्या पुन्हा फेरी आहे. चिमणीने पिवळा स्वेटर धुऊन वाळत घातलाय.